बटणसेलचा चार्जर : एक रसग्रहण

समीक्षक व्हायला दोन गोष्टी लागतात, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. एक म्हणजे ती वस्तू स्वतःला करता येत नसली पाहिजे, आणि दुसरी म्हणजे दुसऱ्यानं केलेली पसंत पडता कामा नये. ह्या दोन्ही कसोट्यांना पुरेपूर उतरूनही आजवर माझ्या हातून एकही समीक्षा घडली नव्हती. पुस्तकाची करावी, तर लेखक ओळखीचा निघतो. नाटकाची करावी, तर पास त्यानंच दिलेला असतो. तेव्हा जिचा कर्ता रस्त्यात आडवा येऊन "काय हो, वाचलं बरं का तुमचं!" असं म्हणणार नाही, अशा एखाद्या कलाकृतीच्या मी शोधात होतो. ती मला गेल्या वर्षी सापडली. कानाच्या मशीनमध्ये शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो ना, त्याचा चार्जर. असे पाच चार्जर मी पदरमोड करून वाचले. वाचले म्हणजे विकत घेतले. पण त्यांच्या पाठीवरची अक्षरं भिंगातून इतक्या वेळा न्याहाळली, की 'वाचले' हेच क्रियापद खरं.

ह्या वाङ्मयप्रकाराकडे मी वळलो तो आमच्या नानांच्या कानामुळे.

धुळ्याहून शिरपूरकडे निघालात, की मुंबई-आग्रा रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. हल्ली लोक ते टोलनाक्यावरून ओळखतात. त्याआधी डोंगरावरच्या किल्ल्यावरून ओळखत, आणि आमच्या लहानपणी तांब्या-पितळेच्या भांड्यांवरून. लग्नातल्या भांड्यांसाठी आमच्या बाजूची कितीतरी घरं सोनगीरची वाट धरायची. नाना त्या भांड्यांवर ठोके देत आले. वयाच्या बाराव्या वर्षी हातोडा धरला तो सत्तरीला खाली ठेवला. हंडा, कळशी, घंगाळ, बंब. भांडं उभं राहिलं की ते मठारायचं, म्हणजे त्याच्या अंगभर एकाला एक लागून ठोके उमटवायचे. दुरून भांडं चमकतं ते ह्या ठोक्यांनी. एकेका हंड्याला किती ठोके पडत असतील ते मोजायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, कारण मोजायला जो बसेल त्याला तोवर ऐकू येईनासं झालेलं असायचं.

आणि अशी दुकानं एक नाही, ओळीनं. त्यामुळे आमच्या आळीत कुजबूज हा प्रकार नव्हता. अजूनही नाही. मायला मी 'हळू बोल' म्हटलं, की ती जे बोलते ते फक्त फाट्यापर्यंत ऐकू जातं. आमच्या घरात सोयरिकीची गुप्त बोलणी व्हायची, तेव्हा मुलीचं वय, तिच्या बापाची जमीन आणि मुलाचं व्यसन हे तिन्ही तपशील बसथांब्यावरच्या लोकांना आमच्याआधी पाठ असत.

ह्यात सोनगीरची काही खास बदनामी आहे असं समजू नका. तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रामाझ्झिनी नावाच्या एका वैद्यबुवांनी कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी व्हेनिसमधल्या तांबटांच्या वस्तीचं वर्णन केलं आहे : दिवसभर तांब्यावर ठोकाठोक, कान हळूहळू जड, आणि म्हातारपणी ठार बहिरेपण. म्हणजे व्हेनिसची आळी आणि आमची आळी ह्यांत फरक एवढाच, की तिकडे पूर कायमचा असतो.

ठोक्यानं कान जातो तो एकदम जात नाही, हीच त्यातली मेख आहे. आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या एकेक करून झडतात, आणि पहिल्यांदा झडतात त्या वरच्या पट्टीच्या आवाजाच्या. त्यामुळे अशा माणसाला 'ऐकू येतं, पण कळत नाही'. आ, ऊ, ओ हे स्वर त्याच्यापर्यंत पोचतात. स, श, फ, त ही व्यंजनं वाटेतच गळतात. "नाना, सून आली" असं आम्ही सांगितलं, तर नानांपर्यंत 'ऊन' तेवढं पोचायचं आणि ते म्हणायचे, "मग कुरडया टाका धाब्यावर." आणि वर आम्हालाच बोलायचे : "मना कानले काय व्हयेल शे? तुमना आवाज बारीक व्हई गया." पितळेवर साठ वर्षं ठोके देणारा माणूस जगाच्या आवाजालाच पोचा पडला असं म्हणणार, ह्यात नवल नाही.

शेवटी मशीन आलं. शर्टाच्या खिशात डबी आणि कानापर्यंत वायर, असलं पूर्वीचं पेन्सिल सेलवालं मशीन त्यांना नको होतं. "रेडिओ बांधी फिरू का?" असं त्यांनी साफ विचारलं. तेव्हा कानामागे बसणारं घेतलं. त्यात सेल लागतो तो १३ नंबरचा. ह्या सेलांची चार घराणी आहेत आणि प्रत्येकाचा रंग ठरलेला : १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी, ६७५ ला निळा. हे नंबर कुठल्या हिशेबानं पडले ते विचारू नका. ३१२ हा १३ पेक्षा लहान असतो, यावरून काय ते समजा. १३ नंबर म्हणजे आठ मिलिमीटर रुंद आणि साडेपाच मिलिमीटर उंच. जमिनीवर पडला तर तो सापडत नाही. सापडते ती गेल्या दिवाळीत हरवलेली जोडव्याची जोडी.

हा सेल जस्ताचा, आणि तो हवेवर चालतो. पाठीवर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की बारीक भोकांतून हवा आत जाते, आणि पाचेक मिनिटांनी सेल जिवंत होतो. पुन्हा चार्ज व्हायचा नाही. जबरदस्तीनं चार्जरमध्ये घातलात तर गळेल, फुटेलसुद्धा. संपला की फेकायचा. सहाचं पाकीट दोनशेच्या आसपास बसायचं आणि एक सेल आठ-दहा दिवस जायचा.

आणि इथेच नानांनी आम्हाला हरवलं. कारण पाकिटावरची किंमत त्यांनी पाहिली. साठ वर्षं तांब्याची मोड तोळ्यातोळ्यानं तोलून घेणारा माणूस! त्यांनी ऐकण्याचं रेशनिंग सुरू केलं. सकाळी मशीन बंद. दुपारी बंद. सातच्या बातम्यांना चालू. कीर्तनाला चालू. कोणी परगावचा पाहुणा आला, तर तो कुठल्या तालुक्याचा हे पाहून चालू. घरातल्यांसाठी बंद. "उगाच सेल जास," हे उत्तर. मी परवा शेजारी बसून त्यांना माझ्या बढतीची हकिगत अर्धा तास सांगत होतो. ते मान डोलवत होते. मधेच हसलेसुद्धा. मग माझ्या लक्षात आलं, की मशीन त्यांच्या हातात आहे आणि सेल टोपीच्या घडीत.

गंमत म्हणजे ह्या काटकसरीत फारशी बचतही नाही. एकदा चिकटपट्टी निघाली, की हा सेल वापरा नाहीतर ठेवून द्या, काही आठवड्यांत तो आपला आपण वाळून मरतो. हे मी नानांना समजावून सांगितलं. पण तेव्हाही मशीन बंद होतं.

तेव्हा असा विचार केला, की पुन्हा पुन्हा चार्ज होणारे १३ नंबरचे सेल मिळतात, ते आणावेत. निकेल-मेटल हायड्राइडचे. रात्री चार्जरला लावले, सकाळी कानात घातले. खर्च नाही म्हटल्यावर माणूस मशीन कशाला बंद करील? डॉक्टरनं मशीन ह्या सेलवर चालेल असा निर्वाळाही दिला. तो घेणं जरूर असतं, कारण जस्ताचा सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि हा १.२, आणि काही नाजूक प्रकृतीची मशीनं तेवढ्यावरून रुसून पी-पी करत बसतात. सेल मिळाले. राहिला चार्जर. मी म्हटलं, चार्जर काय, कुठेही मिळेल. त्यातही स्वस्तातला बघू.

इथून माझ्या समीक्षकजीवनाला प्रारंभ झाला.

पहिला चार्जर मी धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका दुकानात घेतला, एकशे वीस रुपयांना. बाह्यांग आकर्षक. मुखपृष्ठावर धावणारा चित्ता. मी दुकानदाराला सेल दाखवला. त्यानं तो तळहातावर घेऊन, शेंगदाणा नासका आहे का पाहावं तसा पाहिला आणि म्हणाला, "सेलचाच चार्जर पाहिजे ना भाऊ? मग सेल म्हणजे सेल. खोबण मोठी पडली तर सिगारेटची चांदी दुमडून लावा." ह्या साहित्यकृतीचं मर्म तिच्या पाठीवर, मुंगीनं शाईत पाय बुडवून लिहावं अशा टाइपात होतं : २०० मिलिअँपिअर.

आता वाचकहो, थोडं गणित सहन करा. एवढं एकच आहे. सेलवर लिहिलेलं असतं, की त्यात किती वीज मावते. पेन्सिल सेलवर दोन हजारांच्या घरातला आकडा असतो. नानांच्या बटणसेलवर असतो तीस. पुरे तीस मिलिअँपिअर-तास. आणि असल्या सेलांची जुनी, साधी, गरिबाघरची रीत अशी, की त्या आकड्याला दहानं भागावं आणि येईल तेवढाच प्रवाह चौदा ते सोळा तास सोडावा. दहा तास का नाही? तर काही वीज वाटेत उष्णता होऊन जाते, जशी आमच्या पाटाच्या पाण्याची गत. म्हणजे नानांच्या सेलला हवेत तीन मिलिअँपिअर. आणि चित्ता देत होता दोनशे. तापीच्या पुराखाली अत्तराची कुपी धरून ती भरते का पाहण्यासारखंच हे. कुपी भरत नाही, सापडत नाही. माझा पहिला सेल वीस मिनिटांत इतका तापला, की मायनं तो चिमट्यानं उचलून अंगणात टाकला आणि वर म्हणाली, "कानमां घालाले आनेल व्हता का हाऊ निखारा?"

ह्या पहिल्या कृतीनं मला एक महत्त्वाचा सिद्धान्त दिला, आणि पुढच्या चारही मी त्याच कसोटीवर घासल्या. चार्जर कसा आहे हे त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर कळत नाही, किमतीवर कळत नाही, दुकानदाराच्या शपथेवर तर नाहीच नाही. ते कळतं पाठीवरच्या 'आउटपुट' ह्या शब्दापुढच्या आकड्यावर. तिथे सेलच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपासचा आकडा असेल, तर पुस्तक उघडा. आकडा मोठा असेल तर मिटा. आकडाच नसेल तर ते पुस्तक नाही, तो नुसता पुठ्ठा.

दुसऱ्या आणि तिसऱ्यावर फार शाई खर्चण्यात अर्थ नाही. दुसरा जळगावला गोलाणी मार्केटात घेतला. तिथे मोबाइलच्या दुकानांचं इतकं जंगल आहे, की माणूस चार्जर न घेता बाहेर आला तर त्याला हटकतात. तो खेकड्यासारखा होता : दोन तारेचे पाय आणि चिमटा. पूर्वी मोबाइलची बॅटरी काढता यायची त्या काळातला. 'ह्यावर कुठलीही बॅटरी चार्ज होते' असं त्याचं म्हणणं. ते लिथियमच्या बॅटरीपुरतं खरं, त्या ४.२ व्होल्टपर्यंत चढतात. आमचा सेल १.२ चा. आयुष्यात शिरपूरपलीकडे न गेलेल्या माणसाला एकदम एव्हरेस्टवर नेऊन उभं करण्यातला हा प्रकार. तिसरा पोस्टानं मागवला. चित्रात सेल गोल होता, आमचाही गोल. आला तेव्हा कळलं की तो २०३२ नंबरच्या सेलचा आहे, आणि त्या नंबरचा अर्थ वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड असा होतो. (पाहा, इथे नंबरला अर्थ आहे! १३ नंबरवाल्यांनी शिकावं.) त्याच्या खोबणीत आमचा सेल घातला तेव्हा तो परातीत ठेवलेल्या लाह्यासारखा दिसला. शिवाय ह्या २०३२ मध्येही दोन जाती : 'एलआयआर' लिहिलेला चार्ज होतो, 'सीआर' लिहिलेला होत नाही. दोन अक्षरांच्या फरकात एक संसार आहे आणि एक अपघात.

जाता जाता थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. ह्या सगळ्या चपट्या सेलांपासून पोरांना लांब ठेवा. विशेषतः तो लिथियमचा २०३२. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत जखम करतो. तेव्हा वाट पाहत बसू नका, दवाखाना गाठा. आणि पोरंच कशाला? नानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि १३ नंबरचे सेल एकाच वाटीत, एकाच आकाराचे, एकाच रंगाचे पडलेले पाहून मला दरदरून घाम फुटला होता. तेव्हापासून गोळ्या वाटीत आणि सेल आगपेटीत.

चौथ्या चार्जरवर मात्र सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण तो जवळजवळ चांगला होता, आणि समीक्षकाला खरा राग येतो तो जवळजवळ चांगल्या गोष्टीचाच. तो कानाच्या सेलांसाठीच बनवलेला. खोबण मापाची. प्रवाह बेताचा. किंमतही सोसवेल अशी. पहिल्या रात्री मी त्याच्याकडे कौतुकानं पाहत झोपलो. पण सहवासानं दोष दिसू लागतात.

पहिला दोष : त्याला जोडी लागायची. एकच सेल घातला तर हे महाशय ढिम्म. दोन घातले तरच चालू, कारण आत दोघांना एकाच तारेत ओवलेलं. आमच्याकडे मशीन एकाच कानाला. एक सेल कानात आणि एक चार्जरमध्ये अशी अदलाबदल करायची, तर जोडी आणणार कुठून? बरं, एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा असे दोन घातले, तर अर्धा भरलेला आधी तुडुंब होऊन तापायला लागतो आणि रिकामा अजून अर्ध्या वाटेवर. भावकीत जमीन वाटताना असंच होतं, पण तिथे निदान पंच असतात. चार्जर घेताना प्रत्येक खोबणीला स्वतंत्र कारभार आहे का हे पाहावं, एवढं मी ह्या कृतीकडून शिकलो.

दुसरा दोष त्याच्या लाल दिव्याचा. दिवा लागला; मी म्हटलं, चार्ज होतंय. सकाळी दिवा लागलेलाच होता. मी म्हटलं, अजून व्हायचंय. संध्याकाळी लागलेलाच. मग मी दोन्ही सेल काढून घेतले, तरी दिवा लागलेलाच! म्हणजे तो सेलचं काही सांगतच नव्हता. 'मी भिंतीला लावलेला आहे' एवढंच त्याचं आत्मनिवेदन. प्रामाणिक चार्जरला थांबायचं कधी ते कळलं पाहिजे. मोठ्या सेलच्या हुशार चार्जरना ते कळतं. सेल भरला की त्याचा दाब किंचित उतरतो, तो हेरून ते हात आवरतात. पण बटणाएवढ्या सेलचा हा उतार इतका बारीक, आणि प्रवाह इतका मंद, की तो हेरणं स्वस्त चार्जरच्या आवाक्याबाहेरचं. त्यांच्यासाठी साधा उपाय म्हणजे घड्याळ : ठरलेले तास झाले की बंद. तेवढंही ह्याच्यात नव्हतं. मग ते काम मायकडे आलं. देवापुढचा दिवा, दुधाचा उतू जाण्याचा क्षण आणि चार्जर ह्या तिन्हींवर लक्ष ठेवताना दोनदा दूध गेलं.

आमच्या धुळे जिल्ह्याला विजेचं म्हणाल तर कमी नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पाचशेच्या वर मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्याच तालुक्यात २०१३ पासून महानिर्मितीचा सव्वाशे मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. आणि मी तीन मिलिअँपिअरसाठी धुळे-जळगाव फिरत होतो! दुकानदार विचारायचे, "केवढ्याचा देऊ? तेहतीस वॉट? सदुसष्ट? अर्ध्या तासात फुल!" मी म्हणायचो, "सगळ्यात हळू कुठला आहे तो द्या." ह्यावर एकानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी एसटीच्या खिडकीवर जाऊन 'सगळ्यात उशिरा पोचणारी गाडी कुठली?' असं विचारलं असावं. धंदा सगळा वेगाचा आहे. लहान सेलला हळू लागतं, ही मागणी कुणाच्या रॅकवरच नाही. आणि स्वस्त वस्तूत जी काटछाट होते ती चित्त्यात होत नाही. घड्याळात होते, स्वतंत्र खोबणीत होते, पाठीवरच्या आकड्यात होते.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हे, हे नंतर वाचनात आलं तेव्हा जरा धीर आला. आफ्रिकेत बोत्स्वाना देशात ओत्से नावाचं गाव आहे. तिथे 'गोदिसा' नावाच्या एका छोट्या संस्थेनं ह्या शतकाच्या सुरुवातीला कानाच्या सेलसाठी उन्हावर चालणारा चार्जर तयार केला. हॉवर्ड वाइनस्टाइन नावाचे कॅनडाचे एक गृहस्थ त्यामागे होते, आणि तो जोडणारे कारागीर स्वतः कर्णबधिर. नंतर हेच काम 'सोलर इअर' ह्या नावानं ब्राझीलमध्येही सुरू झालं. त्यांचं साधं म्हणणं असं, की मशीन कुणी दान दिलं तरी ते सेलअभावी खणात जाऊन पडतं. हे आपल्यालाही लागू आहे. १९८१ पासूनची अपंगांना साधनं देणारी केंद्राची योजना आहे, २०१७ पासून गरीब वृद्धांसाठीची वयोश्री योजना आहे. मशीन मिळण्याचे मार्ग आहेत. पण मशीन एकदा मिळतं, सेल दर आठवड्याला मरतो. हा चार्जर ज्यांनी बनवला त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि तरीही, किंवा म्हणूनच, गिऱ्हाइकाचं म्हणणं नेमकं त्यांनाच ऐकू गेलं. (उन्हावरचा चार्जर मीही मागवणार होतो. पण मे महिन्यात आमच्या धाब्यावर कुरडया टाकायला जाणारी बाईसुद्धा नाचत परत येते. तसल्या तापात हे सेल धड चार्ज होत नाहीत. पट्टी उन्हात आणि सेल सावलीत ठेवायची सोय असेल तरच आमच्याकडे त्याचं नाव काढावं.)

पाचवा चार्जर घरी आला तो असा सगळा अभ्यास झाल्यावर. दिसायला कळकट. मुखपृष्ठावर काही नाही. दोन खोबणी, दोघींचा कारभार वेगळा. पाठीवर स्वच्छ लिहिलेलं : तीन मिलिअँपिअर. आत घड्याळ; ठरलेले तास झाले की दिवा लालचा हिरवा होतो आणि प्रवाह बंद. मोबाइलच्या साध्या अडॅप्टरवर चालतो, तेव्हा बीआयएसचा शिक्का असलेला घरातला जुनाच अडॅप्टर त्याला दिला. दोष? आहे. खोबणीतलं अधिक-उणे कुठल्या बाजूला ते नानांच्या चष्म्याला दिसत नाही, मायला दिसलं तरी पटत नाही. मी नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ते मिटवलं. ही सुधारित आवृत्ती म्हणायची.

आता हिशेब. नानांनी तो मागितला, तुम्हीही मागाल. चार्जर आणि दोन सेल मिळून चौदाशे रुपये गेले. पहिले चार चार्जर मी हिशेबात धरत नाही. तो माझ्या शिक्षणाचा खर्च. फेकायचे सेल वर्षाला साधारण छत्तीस, म्हणजे बाराशे रुपये. म्हणजे सव्वा वर्षात बरोबरी. पण फेकायचा सेल आठ-दहा दिवस चालतो आणि हा एकच दिवस. सकाळी घातला की रात्रीच्या जेवणापर्यंत. रोज रात्री आठवण ठेवायची. आणि काही वर्षांनी हेही सेल थकणारच. तेव्हा निव्वळ पैशांत बघाल तर हा व्यवहार फार फायद्याचा नाही, हे समीक्षक म्हणून मला कबूल केलं पाहिजे. ज्याला रोजची आठवण झेपत नाही त्यानं जस्ताचेच सेल आणावेत आणि पाकिटावरची किंमत घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून लपवून ठेवावी. हल्ली आतच लिथियमची बॅटरी असलेली मशीनं निघाली आहेत, डबीत ठेवली की आपोआप चार्ज होणारी. ती छानच, पण त्या पैशात आमच्याकडे दुभती म्हैस येते, आणि तिला चार्जर लागत नाही.

ज्या रात्री हा पाचवा चार्जर आणला, त्या रात्री तो मी नानांच्या हातात दिला. दोन्ही सेल त्यात बसवलेले, मशीन उशाशी. "कितलाले लिधा?" असं त्यांनी विचारलं. मी बोटांनी आकडा दाखवला. जरा कमी दाखवला. नानांनी तो उलटासुलटा केला आणि मग हंड्याला मारायचे तशी नखानं त्याला टिचकी मारली. भांड्यात डाख नीट बसला आहे का, पत्रा कुठे चिरला आहे का, हे नाना टिचकीच्या नादावरून सांगायचे. गिऱ्हाइकं त्यांच्याकडे दुसऱ्याच्या दुकानातली भांडी आणून टिचकी मारून घ्यायची. खरे समीक्षक घरात हेच.

"बदद शे," नाना म्हणाले.

मी कानाला हात लावून, खुणेनं विचारलं, की तुम्हाला ऐकू कसं आलं? सेल तर चार्जरमध्ये आहेत.

"बोटले समजस ते," असं म्हणून त्यांनी चार्जर फळीवर ठेवला आणि दिवा लाल झालेला पाहून झोपले.

त्याला आता आठ महिने झाले. मशीन दिवसभर चालू असतं. पहिले दोन दिवस नानांनी घरातल्या आवाजांविषयी तक्रारी केल्या : घड्याळ फार वाजतं, नातू चहा फार आवाज करून पितो, आणि मी झोपेत बोलतो. मग त्यांना सवय झाली. पंचाईत झाली ती मायची. पंचवीस-तीस वर्षं ती नानांच्या समोर बसून, चुलीकडे तोंड करून, त्यांच्या बहिणींविषयी मनमोकळं बोलत आली होती. आता नाना मधेच तिसऱ्या बहिणीची बाजू घेतात, तारखेसह.

परवा मी निघायला लागलो, तेव्हा मायनं मला ओट्यापाशी बाजूला घेतलं. डोक्यावर पदर ओढला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि तिच्या समजुतीप्रमाणे कुजबुजत विचारलं, "त्या डब्बीनं बटन कोठे शे रे?"

आतल्या खोलीतून नानांचा आवाज आला, "मी ऐकी ऱ्हायनू!"